युरोपात जुनं गाव आणि निसर्ग एकाच ट्रिपमध्ये कसं बसवायचं

दर वर्षी सुट्ट्या जवळ आल्या की कुणीतरी मला एक एक्सेल शीट पाठवतं. बारा दिवस, नऊ शहरं, सहा देश, आणि खाली एक ओळ, जरा बघून सांग ना बरोबर आहे का. बरोबर काय असणार त्यात, रोज सकाळी बॅग भरायची, दुपारी ट्रेन, संध्याकाळी चेक-इन, आणि मधल्या तीन तासांत जे दिसेल ते बघायचं. मी पण पहिल्या ट्रिपला हेच केलं होतं त्यामुळे कुणाला हसत नाही. पण नंतर चार-पाचदा जाऊन आल्यावर माझी एक पद्धत बसलीये, ती एकदाच सविस्तर लिहून ठेवते म्हणजे दर वेळी फोनवर तासभर बोलायला नको.

पद्धत अशी की शहरांची यादी करायचीच नाही, जोड्या लावायच्या. एक जुनं गाव आणि त्याच्यापासून तास-दोन तासांवर असलेला डोंगर, तळं, धबधबा, जे काय असेल ते, ही झाली एक जोडी. मुक्काम गावात, तीन रात्री. बारा दिवसांत अशा तीन जोड्या, फार तर चार.

आणि खरी गंमत घड्याळात आहे. युरोपातली सगळी प्रसिद्ध छोटी गावं डे-ट्रिपवाल्यांनी भरतात, म्हणजे मोठ्या शहरातून सकाळी बसमध्ये बसून यायचं आणि संध्याकाळी परत. साधारण दहाला बसेस यायला लागतात आणि पाचपर्यंत निघून जातात. त्या वेळात आपण गावात असायचंच नाही, तेव्हा आपण वर डोंगरात नाहीतर पाण्याच्या काठाला. सकाळी सात ते नऊ गाव आपलं, संध्याकाळी सहानंतर पुन्हा आपलं. तीच गल्ली दुपारी दोनला बघा आणि सकाळी साडेसातला बघा, दोन वेगळी गावं वाटतील, सकाळी नुसता बेकरीचा वास आणि कुणीतरी दुकानासमोर पाणी मारतंय एवढंच. जे लोक म्हणतात ना की अमुक गाव ओव्हररेटेड आहे, ते बहुतेक वेळा दुपारी दोनला गेलेले असतात.

गाव निवडताना हे बघा

मी गाव निवडते तेव्हा फोटो नंतर बघते, आधी बघते की हे गाव जुनं राहिलं कसं. कारण ज्या गावाकडे पैसा येत राहिला त्यांनी जुनं पाडून नवं बांधलं, आणि जी गावं मध्येच गरीब झाली ती तशीच राहून गेली. बेल्जियममधलं ब्रुझ घ्या, मध्ययुगात केवढं मोठं व्यापारी बंदर, मग समुद्राकडे जाणारी झ्वीन नावाची खाडी गाळाने भरत गेली, जहाजं यायची बंद झाली, व्यापार अँटवर्पला गेला आणि ब्रुझ शेकडो वर्षं झोपून राहिलं. म्हणून आज ते कालवे आणि ती विटांची घरं दिसतात. स्पेनमधलं टोलेडो, १५६१ मध्ये राजाने दरबार माद्रिदला हलवला आणि गाव मागे पडलं. जर्मनीतलं रोथेनबुर्ग तीस वर्षांच्या युद्धात आणि नंतरच्या प्लेगमध्ये असं काही कंगाल झालं की नवं बांधायला पैसाच नव्हता.

इटलीतल्या मातेराची गोष्ट तर वाचून जाच. तिथे डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये, ज्यांना सास्सी म्हणतात, लोक जनावरांसकट राहत होते, थेट १९५० च्या दशकापर्यंत. सरकारला त्याची लाज वाटायला लागली, १९५२ मध्ये कायदा करून हजारो लोकांना बाहेर नव्या घरांत हलवलं, गुहा ओस पडल्या. मग १९९३ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं, आणि २०१९ मध्ये तेच गाव युरोपची सांस्कृतिक राजधानी. आता त्याच गुहांमध्ये महागडी हॉटेलं आहेत. गोष्ट माहीत असली की तिथे फिरताना पायाखालचं वेगळं लागतं. (आणि एक, बारीहून मातेराला जाणाऱ्या छोट्या ट्रेनचं रविवारचं वेळापत्रक आधी बघा. रविवारी न बघता स्टेशनवर उभं राहू नका.)

आता जोड्या सांगते. सगळ्या सारख्याच आवडत्या नाहीत, ज्या जास्त आवडल्या त्यांच्याबद्दल जास्त लिहिणार.

हालश्टाट आणि वरचे डाखश्टाइन डोंगर, ऑस्ट्रिया

हे गाव इतकं फोटोजेनिक आहे की चीनमध्ये २०१२ साली याची अख्खी नक्कल उभारलीये. लोकसंख्या आठशेच्या आत आणि दिवसाला येणारे हजारो, म्हणजे दुपारी काय होत असेल ते समजा. इथे रात्र राहिल्याशिवाय जाऊच नका असं मी सरळ सांगते, राहायला नाही मिळालं तर तळ्याच्या टोकाला ओबरट्राउन आहे तिथे राहा, स्वस्त पण पडतं.

साल्झबुर्गहून येताना आटनांग-पुखहाइमला ट्रेन बदलायची. स्टेशन तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे, गाव समोर दिसतं आणि मध्ये पाणी, तिथून बोटीने पलीकडे. बोट ट्रेनच्या वेळेला जुळवलेली असते पण शेवटची बोट संध्याकाळी लवकरच जाते, त्यामुळे रात्रीच्या ट्रेनने पोचायचा प्लॅन करू नका, नाहीतर बसाल समोर दिवे बघत.

सगळे जण त्या एका फोटो पॉइंटला जाऊन परत येतात. तुम्ही कॅथलिक चर्चच्या आवारात चढून जा, तिथे एक छोटी खोली आहे, बाइनहाउस, हाडांचं घर. गाव डोंगर आणि तळ्याच्या मध्ये अडकलेलं, स्मशानाला जागाच नाही, म्हणून काही वर्षांनी थडगं उघडून हाडं काढायची, कवटी उन्हात वाळवून पांढरी करायची, आणि त्यावर नाव, साल, आणि पानाफुलांची माळ रंगवायची. बाराशेच्या आसपास कवट्या आहेत, निम्म्यांवर रंगकाम. ओळीने एका घराण्याच्या एकत्र ठेवल्यात. सगळ्यात शेवटची १९९५ मध्ये ठेवलेली, एका बाईंची, त्यांचीच तशी इच्छा होती, आणि तिच्यात एक सोन्याचा दात आहे. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. भीती वगैरे अजिबात वाटत नाही, उलट कुणीतरी फार प्रेमाने केलेलं काम वाटतं.

मिठाची खाण पण इथलीच, सात हजार वर्षांपासून इथे मीठ काढतायत, लोहयुगाच्या सुरुवातीच्या एका अख्ख्या संस्कृतीला या गावाचं नाव आहे. खाण करा पण गर्दीच्या वेळी नको. दुपारी ओबरट्राउनहून केबल कारने क्रिपनश्टाइनवर जा, तिथे फाइव्ह फिंगर्स नावाचा कड्याबाहेर काढलेला प्लॅटफॉर्म आहे, हाताच्या पाच बोटांसारखा, एका बोटाला तर खाली काच आहे. खाली तळं आणि गाव काडेपेटीएवढं. त्याच केबल कारच्या मधल्या स्टेशनवर बर्फाची गुहा आहे, जॅकेट घ्या, भर उन्हाळ्यात आत गोठतं.

पिर्ना आणि बास्टाय, जर्मनी

ही माझी लाडकी जोडी, आणि कुणाच्याच एक्सेलमध्ये नसते. ड्रेस्डेनहून लोकल ट्रेनने पंचवीस मिनिटांवर एल्ब नदीकाठी पिर्ना आहे. अठराव्या शतकात बेलोत्तो नावाच्या इटालियन चित्रकाराने (मामा कानालेत्तो जास्त प्रसिद्ध, याला पण इथे कानालेत्तोच म्हणायचे) या गावाची बरीच चित्रं काढली, आणि चौकातून बघितलं तर ते चित्र अजून ओळखू येतं. संध्याकाळी चौकात बसायला फार छान. गावाच्या वर सोननश्टाइन किल्ला आहे, तिथली गोष्ट मात्र वाईट, १९४० आणि ४१ मध्ये नाझींनी तिथे तेरा हजारांहून जास्त मनोरुग्ण आणि अपंग माणसं गॅसने मारली. स्मारक आहे, फुकट आहे, जाऊन या. सुंदर गावात हे पण घडलं होतं हे माहीत असलेलं बरं.

पिर्नाहून त्याच लोकलने पुढे पाव तासात राटेन. उतरायचं आणि नदी ओलांडायची, आणि ती फेरी म्हणजे एक कमाल गोष्ट आहे, तिला इंजिनच नाही. नदीत वरच्या अंगाला एक लांब केबल अँकर केलेली आहे, बोट तिला बांधलेली, नावाडी बोटीचा कोन थोडा बदलतो आणि नदीचा प्रवाहच तिला पलीकडे ढकलत नेतो. आवाज नाही काही नाही, नुसतं पाणी. पलीकडून पाऊण तासाची चढण, आणि मग दगडी सुळक्यांमधून बांधलेला बास्टायचा पूल, १८५१ चा, वाळूच्या दगडाचा, नदीपासून १९४ मीटर वर. बहुतेक लोक वरच्या पार्किंगमधून पाच मिनिटं चालत येतात आणि फोटो काढून जातात. तुम्ही खालून चढा, आणि पहिल्या ट्रेनने गेलात तर खाली नदीवर धुकं असतं आणि सुळके त्यातून वर आलेले. उतरताना श्वेडेनल्योखर नावाच्या अरुंद घळीतून शिड्या आणि पायऱ्या करत या, गुडघे दुखत असतील तर मात्र आलेल्या वाटेनेच परत.

रोथेनबुर्गला जाणारच असाल तर त्याचं पण एक सांगते. तिथे तटबंदीवरून छपराखालून चालता येतं, फुकट, आणि चालताना भिंतीत छोट्या पाट्या दिसतात, त्यावर नावं आणि इतके मीटर असं लिहिलेलं. मार्च १९४५ मध्ये बॉम्बिंगमध्ये गावाचा आणि तटाचा बराच भाग पडला, मग जगभरातून लोकांनी मीटरच्या हिशोबाने पैसे दिले आणि तट परत बांधला. पाट्या वाचत वाचत चाला, वेळ कसा जातो कळत नाही.

झादर आणि प्लिटवित्से, क्रोएशिया

सगळे ड्युब्रॉव्हनिकला धावतात. ड्युब्रॉव्हनिक सुंदर आहेच, तटावरून १९४० मीटरची चक्कर, सकाळी उघडल्या उघडल्या करा कारण वर सावली नाही आणि तिकीट पण चांगलंच महाग आहे. पण मुक्कामाला झादर घ्या. रोमन फोरमचे दगड अजून रस्त्यात पडलेत आणि पोरं त्यावर बसून आइस्क्रीम खातात, बाजूला नवव्या शतकातलं गोल चर्च. आणि समुद्राकाठी पायऱ्यांच्या खाली ३५ पाइप बसवलेत, २००५ पासून, लाटा आत शिरल्या की हवा ढकलली जाते आणि पायऱ्यांमधून सूर येतात. ठरलेलं गाणं नाही काही, समुद्राला जसं वाटेल तसं. मोठी बोट गेली की दोन मिनिटांनी एकदम जोरात वाजतं. सूर्यास्ताला गर्दी असते, रात्री दहा-साडेदहाला जा.

तिथून बसने दोनेक तासांवर प्लिटवित्से, १६ तळी एकाखाली एक, धबधब्यांनी जोडलेली. हे मात्र माझ्या नियमाला अपवाद. इथे दुपार म्हणजे लाकडी अरुंद पायवाटेवर रांग, ना पुढे जाता येत ना मागे. म्हणून इथे उलटं करायचं, आदल्या रात्री पार्कजवळच एखाद्या गेस्टहाउसमध्ये राहायचं आणि सकाळचा पहिला स्लॉट. तिकीट ऑनलाइन, तासाच्या स्लॉटचं असतं, उन्हाळ्यात आधीच संपतं. आतली बोट आणि छोटी बस-ट्रेन तिकिटातच आहे, वेगळे पैसे नाहीत. पाण्यात उतरायला बंदी आहे आणि ती उगाच नाही, पाण्यातला चुना शेवाळावर जमून जमून ते बांध तयार होतात, अजून वाढतायत, माणसांनी तुडवले तर संपलं. वेळ कमी असेल तर एन्ट्रन्स १ घ्या, ७८ मीटरचा मोठा धबधबा तिथून जवळ.

बाकीच्या थोडक्यात

स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनला राहण्यापेक्षा थुनला राहा. आरे नदीच्या हिरव्या पाण्यावर जुनं गाव, वर बाराव्या शतकातला किल्ला, आणि मेन रस्त्यावर फूटपाथ चक्क खालच्या दुकानांच्या छपरावर आहे. तिथून तासाभरात लाउटरब्रुनेनची दरी, गावाच्या डोक्यावर जवळजवळ ३०० मीटरवरून पडणारा श्टाउबबाख धबधबा, आणि थोडं पुढे ट्र्युमेलबाख धबधबा, जो डोंगराच्या पोटात आहे. तीन मोठ्या शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी एका दगडातल्या फटीतून कोसळतं, जोरात असताना सेकंदाला वीस हजार लिटर, आत बोललेलं ऐकू येत नाही. मला युंगफ्राउयोखपेक्षा (तिथलं ट्रेनने जायचं उंच बर्फाळ ठिकाण) हे जास्त आवडलं आणि खर्च त्याच्या मानाने काहीच नाही. युंगफ्राउयोखला जायचंच असेल (३४५४ मीटर, ट्रेन १९१२ पासूनची) तर त्या दिवशी सकाळी वेबकॅम बघा आणि मगच तिकीट काढा. ढगात जाऊन पांढरी भिंत बघून आलेली माणसं मला माहीत आहेत, एवढे पैसे देऊन.

स्लोव्हेनियात सगळे ब्लेडला राहतात, मी म्हणेन सहा-सात किलोमीटरवर रादोव्लित्साला राहा, एकच गल्ली आहे पण काय गल्ली आहे, रंगवलेल्या भिंती आणि मधमाश्यांचं म्युझियम. ब्लेड सकाळी लवकर एक चक्कर मारून, तळ्याभोवती सहा किलोमीटर, मग बसने बोहिन्यच्या तळ्याला. बोहिन्य मोठं, शांत, आणि तिथे हॉटेलांची रांग नाही.

रोंडा, स्पेन, इथे जोडी लावायची गरजच नाही कारण गावाच्या मधोमधच दरी आहे. वरचा पूल १७९३ मध्ये पूर्ण झाला, ९८ मीटर उंच. वरून फोटो सगळे काढतात, तुम्ही दरीत खाली उतरणाऱ्या वाटेने जा आणि पूल खालून बघा. ग्रानाडाला जाणार असाल तर अल्हांब्रा या जुन्या किल्ला-राजवाड्याचं तिकीट विमानाच्या तिकिटाबरोबरच काढा, खरंच. नावावर असतं, पासपोर्ट बघतात, आणि आतल्या नासरीद महालांची वेळ तिकिटावर असते ती चुकली तर आत सोडत नाहीत.

फ्रान्सचं माँ-सँ-मिशेल, समुद्रातल्या एका डोंगरावरचं गाव, पण असंच दोन्ही एकात. भरतीचा जोर एका आकड्यात मोजतात, तो ११० च्या वर असला की डोंगर पूर्ण बेट होतो, महिन्याचे तक्ते आधीच मिळतात, ते बघून तारीख ठरवा. वाळूत एकटे चालत जाऊ नका, पाय रुततात आणि पाणी फार वेगाने येतं, गाइडबरोबर जा.

नॉर्वेत बर्गन. ब्रिग्गेन या बंदरावरच्या जुन्या भागातली लाकडी घरं १७०२ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली, पुढून सगळे बघतात, तुम्ही मधल्या बोळांत शिरा, लाकडाचा आणि डांबराचा वास येतो. तिथून ट्रेनने मिर्डाल, मग खाली उतरणारी फ्लॉमची ट्रेन (२० किलोमीटरमध्ये ८६० मीटरहून जास्त उतार), फ्लॉमहून बोटीने अरुंद नॅरॉयफ्योर्डमधून गुडवांगेन, बसने व्हॉस आणि ट्रेनने परत. एका दिवसात होतं. पॅकेज मिळतं पण सगळी तिकिटं वेगवेगळी काढता येतात, मी तसंच केलं, मध्ये हवं तिथे थांबता आलं. पावसाचं काय, बर्गनमध्ये वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस असतो, तो गृहीत धरूनच जा.

आइसलँडला जुनं गाव शोधू नका, तिथे निसर्गच. थिंगव्हेलिर मात्र दोन्ही आहे, ९३० सालापासून उघड्यावर संसद भरायची आणि जमिनीतली भेग म्हणजे दोन खंडांच्या प्लेट्स दूर जातायत ती. दोन गोष्टी लक्षात ठेवा, पहिली जिवाची, रेनिस्फ्यारा बीचवर पाण्याकडे पाठ करायची नाही, शांत वाटतानाच मोठी लाट येऊन माणूस ओढून नेते. आणि दुसरी खिशाची, गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी धरा, वारा दार उलटं वाकवतो आणि इन्शुरन्समध्ये बहुतेक वेळा ते बसत नाही.

कधी जायचं

एकच महिना सगळ्या युरोपला चालत नाही. दक्षिण स्पेन जुलै-ऑगस्टमध्ये चाळिशीच्या वर जातं, तिथे एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर. धबधबे बघायचे तर मे-जून, तेव्हा बर्फ वितळत असतो. क्रीटची समारिया घळ, १६ किलोमीटर चालायची, ती मे ते ऑक्टोबरच उघडी असते. आल्प्समधल्या उंच घाटातले रस्ते, उदाहरणार्थ २७५७ मीटरवरचा स्टेल्व्हिओ, साधारण मेअखेर-जूनपर्यंत बर्फाने बंद.

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते, आल्प्समध्ये एप्रिल-मे आणि नोव्हेंबरमध्ये बऱ्याच केबल कार रिव्हिजनसाठी बंद असतात, म्हणजे स्कीइंग संपलेलं आणि उन्हाळा सुरू नाही अशा मधल्या दिवसांत ते दुरुस्ती काढतात. हॉटेल स्वस्त दिसतं, आपण खूश होऊन बुक करतो, आणि जाऊन बघतो तर वर जायची सोयच नाही. बुकिंगच्या आधी त्या त्या केबल कारच्या साइटवर तारखा बघा.

कागद आणि पैसे

शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, २९ देश आहेत आणि कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस असा हिशोब. व्हिसा सिंगल एंट्री असेल तर नकाशा नीट बघा. ड्युब्रॉव्हनिकहून मोस्तारचा पूल (१९९३ मध्ये युद्धात पाडला, २००४ मध्ये परत बांधला) किंवा कोतोरची खाडी एका दिवसात होते, पण मोस्तार बॉस्नियात आणि कोतोर मॉन्टेनेग्रोत, दोन्ही शेंगेनच्या बाहेर. एकदा बाहेर पडलात की सिंगल एंट्रीवर परत आत येता येत नाही, आणि तुमचं विमान तर क्रोएशियातून. ब्रिटन आणि आयर्लंड पण शेंगेनमध्ये नाहीत.

सगळीकडे युरो चालतो असंही नाही, चेकमध्ये कोरुना, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक, नॉर्वेत क्रोन. कार्ड मशीनवर तुमच्या घरच्या चलनात पैसे घेऊ का असं विचारलं तर नाही म्हणा, तिथल्याच चलनात घ्या, नाहीतर रेट वाईट लागतो. थोडी नाणी खिशात हवीतच, टॉयलेटला लागतात. हॉटेलचा सिटी टॅक्स बऱ्याचदा तिथेच वेगळा द्यावा लागतो, बुकिंगच्या रकमेत नसतो. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बंद, शनिवारी संध्याकाळी खाऊ-पाणी भरून ठेवा, फारच अडलं तर मोठ्या स्टेशनवरची दुकानं उघडी असतात.

गाडी की ट्रेन

जोडीतलं गाव रेल्वेवर असेल तर ट्रेन. पास घ्यायचा मोह होतो पण तीन जोड्यांच्या ट्रिपला सुटी तिकिटं आधी काढलेली बहुतेक वेळा स्वस्त पडतात, शिवाय फ्रान्स-इटलीच्या फास्ट ट्रेनला पास असला तरी सीटचं रिझर्व्हेशन वेगळं. इटलीत लोकल ट्रेनचं कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असून दंड.

गाडी घेतलीत तर झेडटीएल हा शब्द पाठ करा. इटलीतल्या जुन्या गावांच्या आत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, अडवायला कुणी नसतं, फाटक नसतं, फक्त कमानीवर एक कॅमेरा आणि लाल वर्तुळाची पाटी. मॅपने आत घातलं, आम्ही गेलो, एक चुकीचं वळण घेऊन बाहेर आलो आणि परत आत गेलो, म्हणजे दोनदा. सगळं विसरून गेलो होतो तेव्हा काही महिन्यांनी दोन वेगवेगळे दंड घरी आले, वर भाड्याच्या गाडीवाल्यांनी माहिती पुरवल्याचे चार्जेस वेगळे कापले. चूक आमचीच. तेव्हापासून गाडी तटाबाहेरच्या पार्किंगमध्ये आणि आत पायी. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्लोव्हेनियात हायवेला विन्येट (टोल आधीच भरल्याचा पास) लागतो, भाड्याची गाडी दुसऱ्या देशातून घेतली असेल तर बॉर्डरच्या आधी घ्या.

बॅग

हे शेवटी लिहितेय पण सगळ्यात जास्त त्रास यानेच होतो. जुन्या गावांचे रस्ते गोट्यांचे. चेकमधल्या चेस्की क्रुमलॉव्हला आम्ही रात्री दहाला पोचलो, गाव व्ल्टावा नदीच्या वेटोळ्यात, गाडी आत जात नाही, हॉटेल किल्ल्याच्या खालच्या अंगाला. मोठी ट्रॉली बॅग त्या गोट्यांवर ओढताना असा खडखडाट की एका खिडकीतून आजींनी डोकं काढून बघितलं, आणि पुलाच्या थोडं पुढे एक चाक दोन दगडांच्या मध्ये अडकलं आणि निघूनच आलं. उरलेलं अंतर नवऱ्याने बॅग डोक्यावर घेऊन कापलं. त्यानंतर पाठीवरची बॅग, सात-आठ किलो, तीन दिवसांचे कपडे आणि मध्ये एकदा लॉन्ड्री. मोठी बॅग न्यायचीच असेल तर मोठ्या शहराच्या स्टेशनवर लॉकरमध्ये टाका आणि गावात छोटी घेऊन जा. बुक करताना हॉटेलला लिफ्ट आहे का आणि किती पायऱ्या हे मेल करून विचारा, जुन्या घरात लिफ्ट नसणंच नॉर्मल आहे.

बूट घट्ट सोलचे घ्या. आणि डोंगरावर किंवा तळ्यावर बसने गेलात तर उतरल्या उतरल्या पहिलं काम, समोरच्या थांब्यावर जाऊन परतीच्या वेळांच्या तक्त्याचा फोटो काढा. शनिवार-रविवारच्या वेळा वेगळ्या असतात, त्या खालच्या बारीक चौकटीत लिहिलेल्या असतात, तो भाग पण फोटोत येऊ दे.